अर्जीनवीस ते बिझनेस अ‍ॅनालिस्ट : कामकाज समजून घेण्याची विद्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला सुरू केली, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याची संधी मला दिलीत, हे मी माझे भाग्य समजतो. निमंत्रण आले तेव्हा मी संतवाङ्मयावर किंवा मराठी गद्याच्या जडणघडणीवर बोलेन, अशी संयोजकांची स्वाभाविक अपेक्षा होती. पस्तीस वर्षे मी तेच शिकवीत आलो. मी विषय कळवला तो ‘बिझनेस अ‍ॅनालिसिस’. दुसऱ्या दिवशी संयोजकांचा फोन आला, ‘‘सर, आमच्या ऐकण्यात तर काही चूक झाली नाही ना?’’ चूक झालेली नव्हती. हा विषय मी शोधला नाही. तो माझ्या दारात चालत आला, आणि तो आला तेव्हा माझ्या ध्यानात आले की ह्या विषयाशी माझा परिचय बालपणापासूनचा आहे. फक्त त्याचे हे नाव मला ठाऊक नव्हते.

निवृत्तीनंतर मी कुकटपल्लीत राहतो. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थीही त्याच बाजूला स्थायिक झाले आहेत, म्हणून त्या परिसराचे वर्णन लांबवीत नाही. १९७२ साली स्थापन झालेले तंत्रविद्यापीठ, गृहनिर्माण मंडळाची विस्तीर्ण वसाहत, आणि २०१७ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो. १९९८ मध्ये माधापूरला सायबर टॉवर्स उभे राहिले आणि ह्या वसाहतीतल्या घराघरांची दिशा तिकडे वळली. नांदेड, लातूर, उदगीरकडून आलेली मराठी कुटुंबेही त्यात आहेत. अमीरपेठेत संगणकाच्या शिकवण्यांची जी दाटी झाली तिची एक फांदी आमच्या रस्त्यावरही आली. मेट्रोच्या खांबांवर, विजेच्या पेट्यांवर, इडलीच्या गाड्याशेजारच्या भिंतीवर, सर्वत्र त्यांचे कागद चिकटवलेले असतात. त्यांतला एक कागद ‘पंचेचाळीस दिवसांत बिझनेस अ‍ॅनालिस्ट’ अशी हमी देणारा होता.

आमच्या इमारतीतली एक मुलगी ह्या हमीवर विसंबली. वाणिज्य शाखेची पदवीधर, वडिलांचे कपड्याचे लहानसे दुकान, घरी मराठी, बाहेर तेलुगू आणि दखनी. तिच्या आईने हातातल्या दोन बांगड्या मोडून शुल्क भरले. पंचेचाळीस दिवसांनी तिच्याजवळ चारशे पानांची एक फाइल होती व तिच्यातल्या बहुतेक व्याख्या तिला मुखोद्गत होत्या. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या गृहस्थांनी तिला एकही व्याख्या विचारली नाही. ते म्हणाले, ‘‘तुम्ही ज्या संस्थेत शिकलात तिथे पहिल्या दिवशी शिरल्यापासून शुल्काची पावती हातात पडेपर्यंत काय काय घडले, कोणी काय लिहिले, कोणाला दिले, तेवढे सांगा.’’ मुलीला ते सांगता आले नाही. तिने ते पाहिलेले होते. परंतु त्याकडे पाहायचे असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

ती परत आली तेव्हा त्या शिकवणीतल्या एका माणसाने तिला उपाय सुचवला. आणखी काही रक्कम द्यावी, म्हणजे तीन वर्षांच्या अनुभवाचे पत्र मिळेल. आई तयार होती. मुलगी घुटमळत होती. ‘‘आजोबा, सगळेच घेतात म्हणे,’’ असे म्हणत ती माझ्याकडे आली. मी संगणकाचा जाणकार नव्हे. मी तिची फाइल मात्र ठेवून घेतली, आणि दोन रात्री बसून वाचली.

प्रथम हा व्यवसाय काय आहे, हे माझ्या आकलनाप्रमाणे सांगतो. ‘बिझनेस’ म्हणजे येथे केवळ व्यापार नव्हे. रुग्णालय, बँक, विमा कंपनी, विद्यापीठाचे परीक्षा-खाते, जेथे जेथे माणसे मिळून काही कामकाज चालवतात ते सर्व त्यात आले. हे कामकाज संगणकावर आणायचे असते किंवा आहे त्याहून सुकर करायचे असते. काम करणारा माणूस आपली अडचण आपल्या भाषेत सांगतो. प्रोग्राम लिहिणारा निराळ्या भाषेत विचार करतो. ह्या दोघांच्या मध्ये बसून नेमके काय हवे आहे, का हवे आहे, कोणाला हवे आहे, ते शोधायचे आणि दोघांनाही एकच अर्थ लागेल असे लिहून ठेवायचे, हे त्या अ‍ॅनालिस्टचे काम. अलीकडच्या रीतीत ही गरज एका वाक्यात लिहितात : अमुक काम करणारा म्हणून मला अमुक हवे आहे, कारण अमुक. इंग्लंडातल्या एका संघाने २००१ च्या सुमारास रूढ केलेला हा साचा आहे. त्या वाक्यातले ‘कारण’ हेच मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि नवशिके नेमके तेच रिकामे सोडतात.

ह्या व्यवसायाची एक आंतरराष्ट्रीय संस्था २००३ साली कॅनडातल्या टोरोंटोत स्थापन झाली. तिच्या मार्गदर्शक ग्रंथाची तिसरी आवृत्ती २०१५ ची आहे. मुलीच्या फाइलमधली निम्मी पाने तिथूनच उतरलेली होती. पण एक गोष्ट मात्र शिकवणाऱ्यांनी सांगितली नव्हती. ह्या संस्थेचे जे वरिष्ठ प्रमाणपत्र आहे, त्यासाठी गेल्या दहा वर्षांत साडेसात हजार तास प्रत्यक्ष काम केलेले असावे लागते. रोज आठ तास धरले तरी हे नऊशेहून अधिक दिवस झाले! नवख्यांसाठी अनुभवाची अट नसलेली पहिल्या पायरीची परीक्षा आहे, हेही खरे. परंतु ग्रंथ लिहिणाऱ्यांनाच ही विद्या ग्रंथातून पुरती येत नाही असे वाटते, ही गोष्ट बोलकी आहे.

आता माझ्या बालपणाकडे येतो. आमचे वडील निजामी अमदानीत एका तालुक्याच्या गावी अर्जीनवीस होते. ही संज्ञा आजच्या मुलांना अपरिचित असेल. हैदराबाद संस्थानात दरबारी कारभाराची भाषा १८८४ पर्यंत फारसी व पुढे उर्दू होती. मराठवाड्यातला शेतकरी मात्र मराठी. कचेरीबाहेर लिंबाखाली एक बैठे मेज, दौत, कागद घेऊन बसलेला माणूस त्याचे म्हणणे मराठीत ऐके आणि उर्दूत अर्ज लिहून देई. तो अर्जीनवीस. १९४८ नंतर भाषा बदलली, १९५६ मध्ये मराठवाडा ह्या राज्यातून गेला, तरी वडिलांची बैठक तशीच होती. मी शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसत असे.

एकदा एक शेतकरी आला. ‘‘मालक, जमीन मोजून द्या म्हणून अर्ज लिहा.’’ वडिलांनी टाक उचलला नाही. विचारले, ‘‘आत्ताच मोजणी कशापायी?’’ तो म्हणाला, हद्द कळावी म्हणून. ‘‘गेल्या साली कळत नव्हती का?’’ हळूहळू, विडी ओढता ओढता, उलगडा झाला. पावसाने बांध खचला होता, आणि शेजाऱ्याने नवा बांध चार हात अलीकडे घालून नांगर धरला होता. मोजणीचा अर्ज दिला असता तर शुल्क भरून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली असती, तोवर शेजाऱ्याचे पीक उभे राहिले असते. त्याला हवा होता तो नांगर थांबवण्याचा हुकूम. वडिलांनी तो अर्ज लिहिला. मग उर्दूत लिहिलेला मजकूर त्याला मराठीत वाचून दाखवला व विचारले, ‘‘हेच म्हणणं ना तुमचं?’’ त्यानंतरच अंगठा घेतला.

मुलीच्या फाइलमध्ये ह्या प्रत्येक पायरीला एकेक भारदस्त इंग्रजी नाव आहे. मागितलेली वस्तू आणि गरज ह्यांतला भेद. मूळ कारणापर्यंत जाण्यासाठी पुनःपुन्हा ‘का’ विचारणे, जी पद्धत जपानातल्या टोयोटा कारखान्यामुळे जगभर प्रसिद्ध झाली. लिहिलेले परत वाचून संमती घेणे. वडिलांना ह्यातले एकही नाव ठाऊक नव्हते. ते ही विद्या दुसऱ्या एका अर्जीनवीसाच्या शेजारी बसून शिकले होते.

आपल्या गुरुजींचेही हेच तंत्र होते. माझ्या वर्गमित्रांना स्मरत असेल, ते आम्हांला शनिवारी पोस्टात पाठवीत. मजुरांच्या मनिऑर्डरी लिहून द्यायच्या. खाली निरोपासाठी जी इवलीशी जागा असे तिच्यात माणसाचा महिन्याभराचा संसार बसवायचा! आणि वाचून दाखवल्यावाचून कोणाचा अंगठा घ्यायचा नाही, हा त्यांचा कडक दंडक. निबंधाच्या वहीत लालित्य दाखवणारे आम्ही तिथे घामाघूम होत असू.

मराठीच्या इतिहासात ह्या विद्येच्या खुणा थोड्या नाहीत. दोनच सांगतो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते ह्यांनी सिद्ध केलेला राजव्यवहारकोश आपण भाषाशुद्धीचा ग्रंथ म्हणून शिकवतो, मीही तसाच शिकवला. परंतु त्याची रचना पाहा. त्यातले शब्द वर्णक्रमाने नाहीत, तर कामकाजाच्या खात्यांप्रमाणे दहा वर्गांत आहेत : दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग इत्यादी. म्हणजे कोशकाराने आधी राज्याचा कारभार कसा चालतो ते पाहिले आणि मग शब्द लावले. आज कोणतेही मोठे काम हाती घेताना त्या खात्याचे शब्द गोळा करून अर्थ निश्चित करतात, ते ह्याहून निराळे नाही. आणि त्याच कोशाची दुसरी शिकवणही घ्यावी. त्यातले अनेक संस्कृत प्रतिशब्द रुजले नाहीत. दप्तर, कारखाना, जमा, खर्च, शिल्लक हे शब्द आजही मराठी माणसाच्या तोंडी आहेत. काम करणाऱ्याच्या ओठांवरचा शब्द सहसा हटत नाही. अ‍ॅनालिस्टाने तोच उचलावा.

दुसरे उदाहरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. आरमारासाठी लाकूड हवे, ही गरज. सागवानादी झाडे परवानगीने तोडावीत. आंबा, फणस हीही जहाजाच्या उपयोगाची, पण त्यांना हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. गरज, मर्यादा, कारण, अपवाद, आणि ज्याच्यावर परिणाम होणार त्याची संमती, इतके सारे एका परिच्छेदात आले आहे. मुलीला मी तो उतारा मूळ मराठीत वाचायला दिला. तिला चार वेळा वाचावा लागला. पण फाइलमधल्या साठ पानांचा अर्थ मग तिला लागला, असे तीच म्हणाली.

एक शब्द आणखी, कारण मी शब्दांचाच माणूस. ‘उमेदवार’ म्हटले की आज निवडणूक आठवते. जुन्या दप्तरांत उमेदवार म्हणजे कारकुनाच्या हाताखाली, बहुधा बिनपगारी, काम शिकत बसलेला तरुण. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. ती पद्धत मी सोन्याची होती असे म्हणत नाही. वर्षानुवर्षे बिनपगारी बसणे कोणाला परवडे? ज्यांच्या घरी आधीच लेखणी होती त्यांच्याच मुलांना. बाकीच्या समाजाला तिथे चटईसुद्धा नव्हती. कुकटपल्लीतल्या शिकवण्यांनी निदान दार तरी सर्वांसाठी उघडले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. दार उघडून आत जे वाढले जाते, तक्रार त्याबद्दल आहे.

असो. मी त्या मुलीला म्हणालो, अनुभवाचे पत्र घेऊ नकोस, अनुभव घे. आपल्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत जाऊन बस आणि तिथले काम कसे चालते ते लिहून आण. तिला ते फारसे रुचले नाही, पण गेली. गिरणीवाले उदगीरकडचे, साठीचे गृहस्थ. दोन तास बसून तिने आठ पाने लिहून आणली, सुबक आकृत्यांसह. गिऱ्हाईक येते, डबा ठेवते, वजन होते, दळण होते, पैसे देते. अडचण : गर्दी. उपाय : टोकन आणि मोबाइलवर निरोप, जो आधी येईल त्याचे आधी. मी म्हटले, हे मला कशाला दाखवतेस? ज्यांचे काम आहे त्यांना वाचून दाखव.

गिरणीवाल्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, ‘‘पोरी, एकादशीचं काय?’’

मुलीला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितले. दगडांत मागच्या दळणाचे पीठ उरते, ते पुढच्याच्या पिठात उतरते. म्हणून एकादशीच्या आधी राजगिऱ्याचे, भगरीचे दळण पहाटे गिरणी झाडूनपुसून सर्वांत आधी. त्यात गव्हाचा कण गेला तर उपवास मोडला म्हणून बायका डबा परत आणतात. मग गहू, मग ज्वारी, बाजरी, आणि हरभऱ्याची डाळ सर्वांच्या शेवटी. डबे येतील त्या क्रमाने दळलेच जात नाहीत, धान्याच्या क्रमाने दळले जातात. ‘जो आधी येईल त्याचे आधी’ हा जो नियम तिने स्वयंसिद्ध मानून लिहिला होता, तो अमलात आला असता तर आठवड्यात गिरणीचे नाव गेले असते.

‘‘काका, हे तुम्ही मला काल का नाही सांगितलं?’’

‘‘त्यात काय सांगायचं? हे सगळ्यांना माहीतच असतं.’’

मित्रहो, ह्या एका उत्तरासाठी मी आजचा विषय निवडला. माणूस आपल्या कामातले जे सर्वांत महत्त्वाचे असते तेच सांगत नाही. लपवतो म्हणून नव्हे, तर ते त्याच्या इतके अंगवळणी पडलेले असते की ते सांगण्याजोगे काही आहे हेच त्याला उमगत नाही. ते प्रश्नावलीत सापडत नाही. शेजारी बसावे लागते, आणि चुकीचे का होईना, लिहून त्याला वाचून दाखवावे लागते. चूक ऐकली की तो बोलतो. अलीकडे संगणकच अशा दस्तऐवजांचा मसुदा क्षणार्धात करून देऊ लागला आहे. माझ्या नातवाने गिरणीचा विषय घालून मला तसा मसुदा काढून दाखवला. भाषा निर्दोष होती. एकादशी त्यात नव्हती.

मुलगी आणखी चार दिवस गेली. आता लिहिणे कमी, पाहणे अधिक. तिच्या लक्षात आले की गर्दी ही गिरणीवाल्यांची अडचण नव्हतीच. माणसे ‘झालं का’ एवढेच विचारायला पुनःपुन्हा येत. यंत्राच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून त्यांना दर वेळी गिरणी बंद करून उत्तर द्यावे लागे. एका सकाळी तिने मोजले : तीन तासांत एकवीस वेळा. तिने उपाय सुचवला तो दारावर टांगायच्या पाटीचा. सध्या कोणते धान्य चालू आहे आणि कोणाचे डबे तयार आहेत, तेवढे खडूने लिहायचे. चारशे पानांच्या फाइलची अखेर एका पाटीत झाली, म्हणून ती थोडी खट्टू होती. मला मात्र तिचे कौतुक वाटले. संगणक नको, हे सांगता येणे हाही ह्या व्यवसायाचा भागच आहे.

आता शाळेला एक विनंती. मराठीच्या निबंधात आपण ‘माझा आवडता ऋतू’ लिहून घेतो, तो लिहावा. पण वर्षातून एकदा मुलांना कोणाच्या तरी कामाशेजारी बसवून, ते काम जसेच्या तसे लिहून, त्याच माणसाला वाचून दाखवायला लावावे. शाळेच्या कार्यालयापासूनच आरंभ करता येईल. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला किती नोंदी होतात आणि त्यांतल्या कोणत्या कोणीच वाचत नाही, हे नववीच्या मुलांनी शोधून काढावे. मुख्य लिपिकांनी राग मानू नये! गुण भाषेचे द्यावेत, कारण ही परीक्षा भाषेचीच आहे. ज्याच्या घरी एक, रस्त्यावर दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा आहे, असा हैदराबादचा मराठी मुलगा ह्या कामासाठी जन्मतः अर्धा तयार असतो. बोलताना अडखळतो म्हणून त्याला आपण कमी लेखतो, हे आपले चुकते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. अनुभवाचे पत्र तिने घेतले नाही. पुढच्या दोन मुलाखतींत गिरणीची हकीकत सांगितली. एका ठिकाणी ते हसले आणि नंतर कळवतो म्हणाले; कळवले नाही. दुसऱ्या ठिकाणी, रुग्णालयांच्या बिलांचे काम करणाऱ्या एका लहान कंपनीत, तिला घेतले. अ‍ॅनालिस्ट म्हणून नव्हे, तपासनीस म्हणून, आणि पगारही बेताचाच. आईच्या बांगड्या अजून व्हायच्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत ती बिलाच्या खिडकीशी जाऊन बसते, असे परवा सांगत होती.

गिरणीच्या दारावर ती पाटी आहे. मुलीने आखलेले रकाने गिरणीवाल्यांनी पुसून टाकले आणि स्वतःचे आखले. नावांऐवजी आता डब्यांच्या खुणा असतात : पिवळे झाकण, पोचा पडलेला, दोरीचा. नावे सारखीच असतात, डबे सारखे नसतात, असे त्यांचे म्हणणे. मुलीने ते आपल्या कागदात दुरुस्त करून घेतले आहे.